रात्री पायी फिरण्यासाठी टिकाऊ रिचार्जेबल टॉर्च कोणती घ्यावी?

पाखाडीवाला

मंडळी, मदत हवी आहे. आमचे अण्णा (वय ७४) संगमेश्वर तालुक्यात वाडीत राहतात. जेवण झालं की देवळापर्यंत आणि तिथून सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) एक फेरी, हा त्यांचा नेम. पाऊस असला तरी छत्री घेऊन जाणार. देवळात भजन असेल तर परतायला अकरा वाजतात. अर्धी वाट डांबरी, अर्धी जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), मध्ये एक पऱ्या (ओढा). ग्रामपंचायतीचे दिवे आहेत, पण जूनमध्ये वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही.

सध्या त्यांच्याकडे मागच्या पिना बाहेर काढून भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची बॅटरी आहे. नवी असताना झकास चालते, एका पावसाळ्यानंतर अर्ध्या वाटेत पिवळी पडते. दरवर्षी नवी.

अपेक्षा: एका चार्जिंगमध्ये चार-पाच रात्री निघाव्यात, पावसाचं भय नको, बटण एकच असावं, बजेट अडीच हजारापर्यंत. ऑनलाइन पाहायला गेलो तर सातशे रुपयांत “१०,००० लुमेन, १२ तास” दिसतंय (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). कशावर विश्वास ठेवायचा?

चहाबाज

मोबाइलची टॉर्च काय वाईट आहे? आम्ही सोसायटीत तीच वापरतो.

ओहमचा_नियम

चहाबाज, सोसायटीत पेव्हर ब्लॉक आणि वॉचमन असतो. मोबाइलचा उजेड पसरट, चार-पाच पावलांपुढे संपतो. हात ओला, एकदा निसटला की पाखाडीवर फोनचा काच-चुरा. आणि काही अडचण आली तर ज्या वस्तूवरून १०८ लावायचा तिचंच चार्जिंग उजेडात घालवणं मला पटत नाही.

आता पाखाडीवाला यांचं गणित. जरा लांब होईल, पण एकदा समजलं की कुठल्याही जाहिरातीला स्वतः तपासता येईल.

आजकालच्या चांगल्या टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो. १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी, म्हणून ते नाव. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, सरासरी ३.६. धारणशक्ती ३,००० एमएएच धरा. म्हणजे ३.६ गुणिले ३, साधारण ११ वॉट-अवर ऊर्जा. चांगली एलईडी आणि आतलं सर्किट मिळून एका वॉटला ढोबळ मानाने १०० लुमेन देतात. म्हणजे १०० लुमेनवर टॉर्च दहा-अकरा तास चालेल, ३०० वर तीन-साडेतीन तास, आणि १,००० वर जेमतेम तास, तोही टॉर्च तापली नाही तर. तापतेच. म्हणून सर्किट काही मिनिटांत आपोआप उजेड खाली आणतं.

आता “१०,००० लुमेन, १२ तास” बघा. १०० वॉट गुणिले १२ तास म्हणजे १,२०० वॉट-अवर. त्यासाठी १८६५० चे शंभराहून जास्त सेल लागतील. घरच्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर १,८०० वॉट-अवर असतात. ती सातशे रुपयांत, खिशात मावेल एवढी कोणी देत असेल तर मलाही दोन सांगा.

खोक्यावर “एएनएसआय एफएल-१” असं लिहिलेलं असेल तर आकडे एका ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात. फिनिक्स, नाइटकोर वगैरे कंपन्या तसे छापतात. पण त्यातही मेख आहे. टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी जेवढा उजेड असतो त्याच्या १० टक्क्यांवर तो येईपर्यंतचा सगळा वेळ “रनटाइम” म्हणून धरला जातो. म्हणजे १,००० लुमेन, ६ तास लिहिलेली टॉर्च पाच मिनिटं हजारावर आणि उरलेला बहुतेक वेळ तीनशे-दोनशेवर असली, तरी कंपनी खोटं बोलत नाही. झोताच्या अंतराचंही तसंच. जिथे ०.२५ लक्स, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो, ते अंतर छापतात. २०० मीटर लिहिलं असेल तर डोळ्याला काहीतरी नीट ओळखू येण्याचं अंतर निम्म्याहून कमी धरा.

अण्णांसाठी मधल्या मोडचा आकडा बघा. ८० ते १५० लुमेनचा मोड आहे का आणि तो किती तास चालतो, एवढंच. कमाल लुमेन वाचूच नका. पाऊण तासाची फेरी असेल तर १०० लुमेनवर आठवडाभर सहज निघेल, भजनाच्या रात्रींसकट.

पाखाडीवाला

ओहमचा_नियम, मनापासून धन्यवाद. मी नेमका कमाल लुमेनचा कॉलम लावून यादी करत बसलो होतो. आणखी एक, १०० लुमेन पाखाडीवर पुरे का? आकडा फार छोटा वाटतो.

घाटवाट

पुरतो. राजगडला गुंजवणेकडून रात्री चढतानाही मी बहुतेक वाट याहून कमीवर चालतो. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात. भगभगीत टॉर्च मारली की ती सगळी कमाई एका क्षणात जाते आणि झोताबाहेरचं काहीच दिसत नाही. मोठा मोड वाट चुकल्यावर समोरच्या कड्यावर मारायला.

हेडलॅम्पबद्दल कोणी सुचवायच्या आत सांगतो: ट्रेकला उत्तम, अण्णांना नको. पावसाळ्यात सगळे किडे थेट तोंडावर येतात. धुकं असेल तर डोळ्यांलगतचा उजेड थेंबांवर आपटून परत डोळ्यांतच येतो, समोर पांढरी भिंत. आंबोलीला बेडूक बघायला गेलेल्यांना हे लगेच पटेल. शिवाय वाटेत कोणी भेटलं आणि अण्णा बोलायला थांबले की समोरच्याच्या डोळ्यांत झोत.

सडेफटिंग

मी सिंधुदुर्गात साप पकडून सोडायचं काम करतो, तेव्हा टॉर्च हा माझा रोजचा विषय. वर सगळे लुमेनवर बोलले. मी ती कुठे धरायची त्यावर बोलतो, कारण वाडीत बघतो तर दहातले नऊ जण चुकीची धरतात.

टॉर्च डोळ्यांजवळ, खांद्याच्या उंचीवर धरली की प्रकाश आणि नजर एकाच रेषेत येतात. सावल्या वस्तूच्या मागे लपतात, जमीन सपाट दिसते. हात खाली सोडून मांडीजवळ धरा आणि चार-पाच पावलं पुढे तिरपा झोत टाका. लहानशा खड्याचीही लांब सावली पडते. पायरीची कड, खळगा, आडवं पडलेलं काहीही उठून दिसतं. धुक्यातही हाच उपाय.

संगमेश्वरकडे सड्यावर फुरसं असणार. जेमतेम फूट-दीड फूट, रंग थेट जांभ्याच्या मातीचा. वरून मारलेल्या उजेडात त्याच्यावर पाय पडेपर्यंत कळत नाही. डांबरी रस्त्यावर पावसाळी रात्री मण्यार येते: काळी, अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्या. ती निशाचर आहे आणि तिचा दंश बहुतेक वेळा दुखतही नाही, सूजही फारशी नाही, म्हणून माणसं “काही नाही, बिनविषारी कवड्या असेल” म्हणून झोपी जातात. घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते तरी. आणि बिबट्या-मांजराचे डोळे जसे लकाकतात तसे सापाचे लकाकत नाहीत, तेव्हा “डोळे चमकले असते तर दिसला असता” यावर राहू नका.

अण्णांना तीन गोष्टी सांगा. टॉर्च खाली धरा, हातात काठी ठेवून पाऊल जरा आपटत टाका, आणि चप्पल नको, घोट्यावर येणारे गमबूट घाला. दंश झाला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक काही नाही. हातपाय स्थिर ठेवून सरळ लस असलेल्या सरकारी रुग्णालयात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालते, साप मारून बरोबर न्यायची गरज नसते.

रंगाबद्दल: निळसर पांढरा ६,५०० केल्विनचा उजेड जास्त प्रखर भासतो, पण त्यात पालापाचोळा, माती आणि साप सगळे एकाच राखाडी रंगाचे होतात. ४,००० ते ५,००० केल्विनचा, ज्यावर “सीआरआय ९०” (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) लिहिलेलं असतं तो घ्या. लुमेन थोडे कमी मिळतात. मिळू देत.

रातकिडा

सडेफटिंग यांना +१. टॉर्च खाली धरण्याची युक्ती आजच घरात करून पाहिली, फरशीवरचा तांदळाचा दाणाही दिसला. बायको म्हणते झाडू मारतानाही टॉर्च घ्या.

उसाचा_फड

आमचं जुन्नरचं वेगळं आहे, ते पण लिहितो. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट आठवड्याआड रात्रीची. म्हणजे रात्री दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) उसात जायचंच. तिथं बिबट्या. फिरायला जाणं हौसेचं, हे नाइलाजाचं.

१०० लुमेन खाली पायापुरते ठीक. पण बांधावरून आत शिरण्याआधी लांब बघायला लागतं. त्यासाठी लांब झोताची टॉर्च पाहिजे, पसरट नको. आणि तेव्हा ती डोळ्यांजवळ धरायची, वर सांगितलं त्याच्या उलट. डोळ्यांच्या रेषेतून मारली तरच लांबचे डोळे लकाकलेले दिसतात. पायाखाली बघायचं तेव्हा खाली, लांब बघायचं तेव्हा वर.

उजेड बघून बिबट्या पळतो असं कोणी समजू नये. वन खात्याची माणसं गावात येऊन सांगतात तेच खरं: एकट्यानं जायचं नाही, मोठ्यानं बोलत जायचं, मोबाइलवर गाणी लावायची, वाकून किंवा बसून राहायचं नाही. दारं मोडताना वाकावं लागतं, म्हणून आमच्यात एक जण फावडं धरतो आणि दुसरा उभा राहून उजेड फिरवतो. दोघांच्या हातात वेगळी बॅटरी. एक बंद पडली तर दुसरी आहे, हे महत्त्वाचं. कितीही महाग असली तरी एकच बॅटरी म्हणजे शून्य.

पाखाडीवाला

उसाचा_फड, तुमचा प्रतिसाद वाचून माझी शंका फारच लाडाची वाटायला लागली. पण दोन टॉर्चचा मुद्दा पटला. मग जुनी पिनांची दुरुस्त करून राखीव ठेवावी का?

लांजेकरीण

ठेवा की. त्या बॅटऱ्यांना सगळे नावं ठेवतात, पण माझ्या सासूबाईंची कित्येक वर्षं चालू आहे. आत ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, ती तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सुटी मिळते आणि दुकानदार बसवूनही देतो. तुमचा तो लिथियमचा सेल बिघडला तर लांज्यात कोण बघणार आहे?

ओहमचा_नियम

लांजेकरीण यांचं म्हणणं अर्धं मान्य. दुरुस्तीची सोय हा खरा गुण आहे. पण पाखाडीवाला यांच्याकडे ती दरवर्षी का मरते तेही बघू. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते पुन्हा सहज विरघळत नाहीत. अण्णा पावसाळ्यात वापरतात, ऑक्टोबरनंतर चांदणं-दिवे असतात, बॅटरी अर्धीमुर्धी रिकामी खुंटीला लटकते. पुढच्या जूनमध्ये ती गेलेली असते. सासूबाई वापरो न वापरो, नियमाने लावून ठेवत असणार. बरोबर ना?

लिथियमचं उलट. त्याला पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं पडून राहणं मानवत नाही. अर्धा भरून थंड जागी ठेवला तर महिनोन् महिने तसाच राहतो. आणि मधूनच चार्ज केला तरी काही बिघडत नाही, “आधी पूर्ण उतरू द्या” हा जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला आहे.

लांजेकरीण

दर अमावस्येला लावतात. तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात की काय?

घाटवाट

राखीव म्हणून मी आणखी एक पर्याय देईन. साध्या एए पेन्सिल सेलवर चालणारी लहान टॉर्च, त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल. एनेलूपसारखे सेल भरून ठेवले तर वर्षभरानंतरही बराचसा चार्ज धरून असतात. आणि अगदीच वेळ आली तर वाडीतल्या दुकानातले साधे सेल चालतात. फक्त ते साधे सेल आत विसरून ठेवू नका, गळतात आणि टॉर्च खातात.

पाखाडीवाला

आता मॉडेल निवडतोय. दोन प्रकार दिसतात: एकात सेल आतच बंद, बदलता येत नाही. दुसऱ्यात मागचं झाकण उघडून सेल काढता येतो. पहिला स्वस्त आणि सुटसुटीत. अण्णांना सेल काढायची वेळ येऊ नये असं वाटतं.

ओहमचा_नियम

अण्णांना नाही, तुम्हाला येईल. नियमित वापरात लिथियमचा सेल तीन-चारशे वेळा भरल्यानंतर हळूहळू कमी ऊर्जा धरू लागतो, उकाड्यात त्याहून लवकर. एलईडी मात्र हजारो तास टिकते. सेल बदलता येत नसेल तर सेल गेला की सगळी टॉर्च कचऱ्यात. तुम्ही “टिकाऊ” शोधताय ना, मग सेल निघणारीच घ्या. चार्जिंगचं भोक टॉर्चलाच असलेली, म्हणजे अण्णांना चार्जर वेगळा सांभाळायला नको.

बाकी पटकन:

बटण मागच्या टोकाला, कट्ट करून दाबायचं. शेवटी वापरलेला मोड लक्षात ठेवणारी. तीन मोड पुरेत. “अँड्युरिल” नावाची प्रणाली असलेली टॉर्च शौकिनांची लाडकी आहे, पण तीन क्लिक, चार क्लिक, क्लिक करून धरा असला तो प्रकार अण्णा पहिल्याच रात्री कोपऱ्यात ठेवतील. लुकलुकणारा स्ट्रोब मोड सहज लागत असेल तर नकोच.

पाण्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ८ त्याहून जास्त. कोकणातल्या पावसाला आणि मध्ये पऱ्या आहे म्हणता, तर ७ किंवा ८. पण चार्जिंगच्या भोकावरचं रबर नीट बसलेलं असेल तरच ते खरं. भिजून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नये, रात्रभर कोरडी होऊ द्यावी, नाहीतर पिनांवर हिरवट थर चढतो. झाकणाच्या रबरी कड्याला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीस. खोबरेल नको, त्याने रबर फुगू शकतं.

रातकिडा

सुटा सेल घेताना काय बघायचं? एका ऑनलाइन दुकानात ९,९०० एमएएचचे १८६५० दोनशे रुपयांत जोडी आहेत.

ओहमचा_नियम

ते सोडा. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक यांच्यासारख्यांचे उत्तम १८६५० सेलसुद्धा ३,५०० एमएएचच्या आसपास थांबतात. त्याहून जास्त हवं तर आकार मोठा लागतो, २१७०० चा, त्यात ५,००० किंवा थोडे जास्तही मिळतात. १८६५० वर ९,९०० छापलेलं असेल तर सेलपेक्षा छापखाना चांगला आहे एवढंच. वजन करून बघा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, नकली पुष्कळदा बराच हलका. आयएस १६०४६ ची नोंदणी आणि बीआयएसची खूण बघा. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढून नवं वेष्टण चढवलेले सेलही फिरतात, ते तर धोक्याचे. वेष्टण फाटलेला सेल टॉर्चमध्ये घालू नये, धातूच्या नळीला टेकून शॉर्ट होतो.

आणि सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीही नाही. प्लॅस्टिकची डबी मिळते, ती घ्या.

काजवेवेडी

अवांतर: मे अखेरीस पुरुषवाडी, राजमाची, भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जाणाऱ्यांनी या धाग्यातली कुठलीही टॉर्च झाडांवर मारू नका हो! काजवे लुकलुकतात ते जोडीदाराला खूण म्हणून, आपला पांढरा झोत पडला की ते गप्प होतात. काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने लावा आणि पायाखालीच धरा. मागच्या वेळी एक गट मोटारींचे हेडलाइट लावून फोटो काढत होता. काजवे कुठेच नव्हते आणि गाइडलाच विचारत होते, काजवे कुठे आहेत.

घाटवाट

अवांतर नाही, अगदी योग्य. लाल उजेडाने आपले सरावलेले डोळेही फारसे बिघडत नाहीत. फक्त लाल उजेडात घसरडी शेवाळी पायरी कळत नाही, तेव्हा उतारावर पांढराच.

पाखाडीवाला

ठरलं. १८६५० ची, सेल निघणारी, मागे बटण, ५,००० केल्विन, १३० लुमेनचा मधला मोड असलेली एक टॉर्च मागवतोय. राखीव एए ची छोटी, छत्रीच्या दांड्याला लोंबती. भाऊ दुबईहून येतोय, एक जादा सेल त्याला आणायला सांगितला आहे.

सडेफटिंग

गमबूट राहिले यादीत.

पाखाडीवाला

ते सांगितले. “मी काय शेतात लावणीला चाललोय?” असं उत्तर आलं. काठी मात्र आधीपासून आहे.

ओहमचा_नियम

भावाला सांगा, सुटा सेल हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये लिथियमचे सुटे सेल चालत नाहीत. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून किंवा डबीत.

टॉर्च आली की गावी पाठवण्याआधी घरीच एक रात्र मधल्या मोडवर लावून ठेवा आणि किती तास चालते ते बघा. छापलेल्याच्या जवळपास भरली तर ठीक, नाहीतर परत करायची मुदत असेपर्यंत परत. आणि वापरायची नसेल तेव्हा मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. पिशवीत बटण दाबलं गेलं तरी लागणार नाही.

पाखाडीवाला

आली. उजेड मस्त आहे, पण माझ्या नव्या मोबाइलच्या चार्जरला लावली तर चार्जच होत नाही. दिवाच लागत नाही. परत करू?

ओहमचा_नियम

थांबा. चार्जरकडेही टाइप-सी आणि टॉर्चकडेही टाइप-सी अशी केबल आहे ना? बऱ्याच टॉर्चमध्ये दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात. ते नसले की टाइप-सी चार्जरला समोर काही जोडलंय हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. टॉर्चबरोबर आलेली, एका बाजूला जुना चपटा यूएसबी असलेली केबल आणि कुठलाही जुना मोबाइल चार्जर लावून बघा.

पाखाडीवाला

लागला दिवा! अण्णांकडे जुनाच चार्जर आहे, म्हणजे प्रश्नच नाही. केबल टॉर्चच्या पिशवीतच बांधून पाठवतो.